चौदाव्या दुरुस्तीची दोन भांडणं

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केली. निग्रो गुलामांच्या सुटकेसाठी त्या लोकांनी जी कळ सोसली तिच्याबद्दलचा आदर म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांना दास्यातून सोडवताना तोच कित्ता पुढे ठेवावा अशी आशा धरून. याच जोतीरावांनी दहा वर्षं आधी, १८६३ मध्ये, पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसलेल्या विधवांनी चोरून गर्भ पाडायचा किंवा जन्मलेलं मूल मारून टाकायचं, नाहीतर विहीर जवळ करायची, यापेक्षा तिथं गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मूल ठेवून जावं, अशी सोय. माणसाची गुलामी आणि बाईचं पोट हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या एकाच आयुष्यात इतके जवळजवळ आलेले मी दुसरीकडे फारसे पाहिले नाहीत.

अमेरिकेतही हे दोन प्रश्न एका छपराखाली आले, पण ते एका वाक्यामुळे. आणि ज्या वर्षी जोतीरावांची अर्पणपत्रिका छापली गेली, नेमक्या त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये तिकडे त्या वाक्याचं बरंचसं बळ काढून घेतलं गेलं.

ते वाक्य अमेरिकेच्या राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतलं. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, तेराव्या दुरुस्तीनं गुलामी गेली. पण दक्षिणेतल्या राज्यांनी लगेच असे कायदे केले की कालचा गुलाम आज नावापुरताच मोकळा राहावा: काम सोडून गेला तर अटक, बेकार दिसला तर दंड, दंड भरता आला नाही तर पुन्हा कुणाच्या तरी मळ्यावर. तेव्हा ओहायोचे प्रतिनिधी जॉन बिंगहॅम यांनी नव्या दुरुस्तीच्या पहिल्या कलमाची मुख्य शब्दरचना केली आणि ९ जुलै १८६८ रोजी तिला पुरेशा राज्यांची मंजुरी मिळाली. इथं जन्मलेला तो नागरिक, हे आधी सांगितलं. मग राज्यांवर तीन बंधनं घातली. कुठल्याही राज्यानं नागरिकांच्या हक्कांना आणि मुभांना कात्री लावू नये. रीतसर कायदेशीर प्रक्रियेशिवाय कुणाचं जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेऊ नये. आणि कुणालाही कायद्याचं समान संरक्षण नाकारू नये. तीन दारांचा वाडाच म्हणा. पुढची दीडशे वर्षं भांडण चाललं ते आत कुणी जायचं यावर आणि कुठल्या दारानं जायचं यावर. हे दुसरं भांडण वकिली किचकटपणाचं वाटतं खरं, पण माझ्या मते तेच जास्त महाग पडलं.

आता १८७३ चा एप्रिल. १३ तारखेला ईस्टरचा रविवार होता. लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या निकालावरून वाद पेटलेला. कृष्णवर्णीय शेतकरी आणि माजी सैनिक कचेरीची इमारत धरून बसले होते. घोड्यांवरून गोऱ्यांची टोळी आली, बरोबर एक छोटी तोफ. इमारतीला आग लावली गेली. किती माणसं मारली याचा आकडा साठांपासून दीडशेपर्यंत सांगितला जातो. त्यातली बरीचशी शरण आल्यानंतर, रात्री, रांगेत उभी करून मारली. पुढे १९५० च्या सुमारास तिथं सरकारी पाटी लागली, तिच्यावर या प्रकाराला ‘दंगल’ म्हटलं होतं आणि दक्षिणेतल्या उपऱ्यांच्या कारभाराचा हा शेवट असल्याचा अभिमान होता. ती पाटी २०२१ मध्ये निघाली.

दुसऱ्या दिवशी, १४ एप्रिलला, वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानं न्यू ऑर्लीन्सच्या खाटकांचा खटला निकालात काढला. चौदाव्या दुरुस्तीचा हा या न्यायालयातला पहिला मोठा खटला, आणि त्यात कृष्णवर्णीय माणूस पक्षकार नव्हता! शहरातले खाटीक कातडी, आतडी, रक्त मिसिसिपी नदीत टाकायचे आणि खालच्या अंगाला शहर तेच पाणी प्यायचं. राज्यानं कायदा करून सगळी कत्तल एका कंपनीच्या आवारात नेली आणि त्या कंपनीला पंचवीस वर्षांची मक्तेदारी दिली. गोऱ्या खाटकांनी दावा लावला: धंदा करण्याचा आमचा हक्क चौदाव्या दुरुस्तीनं राखलेला आहे. त्यांचे वकील जॉन कॅम्पबेल. हे गृहस्थ एकेकाळी याच न्यायालयाचे न्यायाधीश होते. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिकच होऊ शकत नाही असं सांगणाऱ्या १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात ते बहुमताबरोबर होते. युद्ध सुरू झाल्यावर राजीनामा देऊन बंडखोर दक्षिणेच्या युद्धखात्यात गेले. गुलामांसाठी केलेली दुरुस्ती गुलामीचा हा माजी कैवारी खाटकांसाठी वापरायला निघाला होता. आणि ज्या विधिमंडळाचा कायदा त्याला मोडायचा होता, त्यात कृष्णवर्णीय सदस्य बसत होते.

खाटीक हरले, पाच विरुद्ध चार. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती सॅम्युएल मिलर वकिलीत येण्याआधी डॉक्टर होते. घाण पाणी म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. कॅम्पबेलचा डाव उधळला म्हणून वाचणाऱ्याला आधी बरं वाटतं. पण तो उधळताना मिलरांनी पहिल्या दारालाच खिळे ठोकले. देशाचा नागरिक म्हणून माणसाला मिळणारे हक्क त्यांनी इतके किरकोळ ठरवले (बंदरांचा वापर, परदेशात असताना सरकारचं संरक्षण, असे) की त्या दारानं पुढे जवळजवळ कुणालाच आत जाता आलं नाही. ते आजही तसंच आहे.

तिसऱ्या दिवशी, १५ एप्रिलला, मायरा ब्रॅडवेल यांचा निकाल आला. शिकागोत त्या कायद्याचं साप्ताहिक चालवत. वकिलीची परीक्षा पास झाल्या, पण इलिनॉय राज्यानं बाई म्हणून सनद नाकारली. त्याही हरल्या. आदल्या दिवशी खाटकांच्या धंद्याच्या हक्कासाठी विरोधी निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती ब्रॅडली आज म्हणाले की बायको आणि आई होणं हे बाईचं ईश्वरानं नेमून दिलेलं कार्य आहे. खाटकाला जो हक्क निसर्गानं दिलेला, तो बाईला निसर्गानंच नाकारलेला. मध्ये गेली होती एक रात्र.

याच वर्षी ३ मार्चला अँथनी कॉमस्टॉक नावाच्या नीतिरक्षकानं काँग्रेसकडून स्वतःच्या नावाचा म्हणून ओळखला जाणारा कायदा करून घेतला. अश्लील मजकूर, संततिनियमनाची साधनं आणि गर्भपाताला उपयोगी पडेल अशी कुठलीही वस्तू टपालानं पाठवणं गुन्हा ठरला. (आपल्या र. धों. कर्व्यांना ‘समाजस्वास्थ्य’पायी याच जातीच्या कायद्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावल्या, १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडली डॉ. आंबेडकरांनी.) गर्भपातावरचे राज्यांचे कायदेही याच काळात कडक झाले. त्याआधी, इंग्रजी परंपरेच्या कायद्यात, पोटात मूल फिरायला लागेपर्यंत गर्भ पाडणं हा गुन्हा धरत नसत. १८५७ पासून बॉस्टनचे प्रसूतितज्ज्ञ होरेशिओ स्टोरर यांनी डॉक्टरांची संघटना हाताशी धरून मोहीम चालवली. तिच्यात गर्भाच्या जिवाची काळजी होती, सुइणींना धंद्यातून हुसकायचं होतं, आणि आणखीही एक गोष्ट होती: पश्चिमेकडचा मोकळा मुलूख आमच्या मुलांनी भरायचा की परक्यांच्या, असं स्टोरर उघड विचारत. गोऱ्या प्रॉटेस्टंट बायका मुलं होऊ देत नाहीत आणि बाहेरून आलेल्यांची वाढतात, ही धास्ती. कायदा बाईच्या पोटाचा, हिशेब वंशाचा.

१८६८ मध्ये देशात ३७ राज्यं होती, त्यातल्या २८ राज्यांत गर्भपात कुठल्याही टप्प्यावर गुन्हा होता, असा हिशेब पुढे सर्वोच्च न्यायालयानं मांडला. इतिहासकारांच्या संघटनांना तो मान्य नाही. हा आकडा लक्षात ठेवावा. एकशे चोपन्न वर्षांनी त्याच्यावर मोठा निकाल उभा राहणार आहे.

पुढचा काळ भरभर सांगून टाकतो, कारण तो एकाच दिशेनं गेला. कोलफॅक्सच्या मारेकऱ्यांतल्या तिघांना झालेल्या शिक्षा १८७६ मध्ये रद्द झाल्या: चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी माणसांच्या टोळीला नाही. १८७५ चा नागरी हक्कांचा कायदा, ज्यानं खाणावळी, नाटकगृहं, गाड्या सगळ्यांना खुल्या केल्या होत्या, १८८३ मध्ये याच कारणानं मोडीत निघाला. १८९६ मध्ये पुन्हा लुइझियानाच: आगगाडीच्या गोऱ्यांच्या डब्यात मुद्दाम बसलेल्या होमर प्लेसी यांचा खटला, आणि ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व सात विरुद्ध एक मतानं मान्य. एकटे न्यायमूर्ती हार्लन म्हणाले की आपल्या राज्यघटनेला रंग दिसत नाही.

या हकिगती मुंबईपर्यंत पोचल्या होत्या. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले. गोलमेज परिषदेपुढे अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना त्यांनी ठेवली, तिच्यात अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार नावानिशी दिलेला आहे. १८७५ च्या कायद्याचं १८८३ मध्ये काय झालं, हेही त्यांना ठाऊक असणारच. भारताच्या घटनेचं सतरावं कलम अस्पृश्यता पाळणारा सरकारी आहे की खासगी हे विचारतच नाही, आणि पंधराव्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट यांची यादीच येते. अमेरिकेत ज्या फटीतून हक्क निसटला ती फट इथं लिंपलेली दिसते.

दुसऱ्या दाराची, म्हणजे ‘रीतसर कायदेशीर प्रक्रिये’ची, गोष्ट वेगळी आहे. १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या पाव भाजणाऱ्या कामगारांना दिवसाला दहा तासांपेक्षा जास्त राबवू नये हा कायदा सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. का? तर कामगाराचं ‘स्वातंत्र्य’ हिरावलं जातं म्हणून. तेव्हापासून तीस-बत्तीस वर्षं न्यायाधीश या एका शब्दाच्या जोरावर कामगार कायदे पाडत राहिले. या अनुभवानं पोळलेले न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भारताच्या घटनेचे सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये भेटले, आणि परत आल्यावर भारताच्या मसुद्यातून ते शब्द गेले. त्यांच्या जागी ‘कायद्यानं ठरवून दिलेली पद्धत’ आली. १३ डिसेंबर १९४८ च्या भाषणात आंबेडकरांनी दोन्ही बाजू मांडल्या: विधिमंडळावर आंधळा विश्वास टाकता येत नाही आणि पाच-सहा न्यायाधीशांच्या मर्जीवरही सोडता येत नाही. निकाल त्यांनी सभेवर सोपवला. इतकं प्रांजळ भाषण घटना समितीत फार कमी झालं असेल. अमेरिकेत मात्र तो शब्द राहिला, बदनाम होऊन.

समतेचं दार उघडलं ते कृष्णवर्णीय वकिलांनी, आणि त्यातल्या एका नावाकडे मराठी वाचकाचं लक्ष फारसं गेलेलं नाही. पॉली मरे १९४४ च्या सुमारास हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकत होत्या, वर्गात एकट्या बाई. ‘वेगळे पण समान’मधल्या ‘समान’साठी भांडत बसण्यापेक्षा ‘वेगळे’वरच घाव घालावा, असं त्यांनी वर्गात मांडलं तेव्हा मुलं हसली. पंचवीस वर्षांत प्लेसीचा निकाल कोसळेल यावर त्यांनी प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी दहा डॉलरची पैज लावली. रॉबिन्सन पुढे थरगुड मार्शल यांच्या वकिलांच्या तुकडीत होते आणि शाळांच्या खटल्याची तयारी करताना त्यांनी आपल्या विद्यार्थिनीचा तो निबंध कपाटातून काढला. पैज दहा वर्षांतच जिंकली गेली.

१७ मे १९५४ च्या त्या ब्राउन निकालाआधी न्यायालयानं दोन्ही बाजूंना एक प्रश्न घातला होता: १८६८ मध्ये ही दुरुस्ती करणाऱ्यांच्या मनात शाळांबद्दल काय होतं? मार्शल यांनी इतिहासकारांची फौज कामाला लावली. उत्तर गैरसोयीचं होतं. दुरुस्ती मंजूर करणाऱ्या काँग्रेसच्या नाकाखाली, खुद्द वॉशिंग्टनमध्ये, काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. सरन्यायाधीश वॉरन यांनी निकालपत्रात इतिहास अनिर्णीत आहे असं म्हणून तो बाजूला ठेवला आणि घड्याळ १८६८ पर्यंत मागे फिरवता येणार नाही असं सांगितलं. वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या, नऊ विरुद्ध शून्य.

१९६५ मध्ये बाईच्या पोटाचा प्रश्न आत आला, पण समतेच्या दारानं नाही. कनेक्टिकट राज्यात १८७९ चा, कॉमस्टॉकच्या छायेतला, कायदा अजून चालू होता. नवरा-बायकोनं संततिनियमनाचं साधन वापरणंही गुन्हा. एस्टेल ग्रिस्वोल्ड आणि डॉ. ली बक्स्टन यांनी मुद्दाम दवाखाना उघडून अटक करवून घेतली. न्यायालयानं कायदा मोडला, आणि हक्क शोधला तो ‘खासगीपणा’चा, घटनेच्या वेगवेगळ्या कलमांच्या कडेकडेच्या सावलीत. दोन वर्षांनी व्हर्जिनियाचं लव्हिंग दांपत्य आलं. नवरा गोरा, बायको काळी. १९५८ मध्ये रात्री झोपेतून उठवून अटक झालेली, पंचवीस वर्षं राज्यात एकत्र पाऊल टाकायचं नाही या अटीवर शिक्षा स्थगित. अशा लग्नांवरची बंदी मोडणारा हा निकाल मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत भक्कम वाटतो, कारण वॉरन यांनी तो दोन्ही दारांवर उभा केला: वंशभेद म्हणून समतेचा भंग, आणि लग्न म्हणून स्वातंत्र्याचा.

गर्भपाताला हे दुहेरी बळ मिळू शकलं असतं. १९७० मध्ये व्हिएतनाममध्ये हवाई दलात परिचारिका असलेल्या कॅप्टन सुझन स्ट्रक गरोदर राहिल्या. दलानं सांगितलं, तळावरच्या दवाखान्यात गर्भपात करून घे नाहीतर नोकरी सोड. बाहेर बहुतेक राज्यांत जो गुन्हा होता तो इथं सरकारच सुचवत होतं. स्ट्रक कॅथलिक होत्या, त्यांनी नकार दिला. मूल दत्तक देऊन त्यांना नोकरीवर परतायचं होतं. त्यांची बाजू घेतली रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी. बाप झालेल्या वैमानिकाला कुणी काढत नाही, मग आई होणारीला का, असा हा समतेचा सरळ प्रश्न. १९७१ मध्ये रीड खटल्यात स्त्री-पुरुष भेदाला चौदावी दुरुस्ती पहिल्यांदा लावून घेताना गिन्सबर्ग यांनी निवेदनावर पॉली मरे यांचं नाव घातलं होतं, कारण वंशभेदाचा युक्तिवाद बायकांना लावायची वाट मरे यांनी दाखवलेली. स्ट्रकचा खटला सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये ऐकायला घेतलाही. पण सरकारी वकिलांना धोका दिसला. दलानं स्ट्रक यांना नोकरीवर ठेवलं आणि खटला विरून गेला.

काही आठवड्यांतच, २२ जानेवारी १९७३ ला, टेक्सासचा रो खटला निकालात निघाला. वकील सारा वेडिंग्टन सव्वीस वर्षांच्या असताना त्यांनी तो न्यायालयापुढे उभा केला होता. सात विरुद्ध दोन मतानं गर्भपात हा खासगीपणाच्या हक्कात बसला आणि तो हक्क ‘स्वातंत्र्य’ या शब्दात, म्हणजे दुसऱ्या, बदनाम दारात. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती ब्लॅकमन मेयो क्लिनिकचे जुने कायदा सल्लागार. त्यांच्या निकालात डॉक्टर जागोजागी भेटतो, बाई त्याच्या मागे उभी असते. आपल्याकडचा १९७१ चा गर्भपाताचा कायदाही तसाच. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या अहवालातून तो आला, आणि त्यातही मुख्य पात्र डॉक्टरच. पण तो संसदेचा कायदा होता, मोडायचा तर संसदेतच मोडावा लागला असता. रो निकालात समतेच्या दाराचा आधार घेतलेला नाही. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, गरोदरपणामुळे होणारा भेद हा स्त्री-पुरुष भेद नव्हेच, असं न्यायालयानं एका विमा योजनेच्या खटल्यात सांगून टाकलं. गरोदर बाया आणि गरोदर नसलेली माणसं असे दोन गट, आणि दुसऱ्या गटात बायकाही आहेत, हा त्यामागचा तर्क. हसावं की रडावं!

कृष्णवर्णीय बायकांना हा हक्क अर्धाच वाटला, आणि त्याला कारण होतं. मतदानाच्या हक्कासाठी मिसिसिपीत लढणाऱ्या फॅनी लू हॅमर यांचं गर्भाशय १९६१ मध्ये, गाठ काढायच्या शस्त्रक्रियेत, त्यांना न विचारता काढून टाकलेलं होतं. रोच्याच वर्षी, १९७३ च्या जूनमध्ये, अलाबामात सरकारी पैशानं चालणाऱ्या एका केंद्रानं बारा आणि चौदा वर्षांच्या दोन कृष्णवर्णीय बहिणींची नसबंदी केली. निरक्षर आईनं इंजेक्शनसाठी समजून कागदावर फुली मारली होती. मूल नको म्हणण्याचा हक्क हवा, तसा मूल हवं म्हणण्याचाही. १९७६ मध्ये काँग्रेसनं गरिबांच्या सरकारी वैद्यकीय योजनेतून गर्भपाताचा खर्च काढून टाकला, आणि १९८० मध्ये न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतानं ते मान्य केलं: सरकारनं अडवू नये एवढाच तुमचा हक्क, पैसे द्यावेत असा नाही. थरगुड मार्शल आता न्यायाधीश होते. विरोधी निकालपत्रात त्यांनी दाखवून दिलं की याचा मार गरीब बायकांवर पडणार आणि त्यांच्यातल्या पुष्कळ अल्पसंख्य वंशांच्या आहेत. खासगीपणा हा ज्यांच्याकडे खासगी पैसा आहे त्यांचा हक्क ठरला.

१९९२ च्या केसी निकालात रो जेमतेम वाचला. ज्या तिघांनी तो वाचवला त्यांनी बायकांच्या बरोबरीच्या आयुष्याचा उल्लेख केला खरा, पण आधार दुसऱ्या दाराचाच ठेवला.

२४ जून २०२२ ला तो आधार गेला. मिसिसिपीच्या पंधरा आठवड्यांच्या कायद्यावरून आलेल्या डॉब्स खटल्यात न्यायमूर्ती अलिटो यांनी लिहिलं की घटनेत नाव न घेतलेला हक्क देशाच्या इतिहासात आणि परंपरेत खोल रुजलेला असला पाहिजे. १८६८ मध्ये ३७ पैकी २८ राज्यांत जो गुन्हा होता तो हक्क कसा? समतेचा मुद्दा त्यांनी एका परिच्छेदात उडवला, १९७४ चा तो विम्याचा निकाल दाखवून. स्वतःच्या निकालाची तुलना मात्र ब्राउनशी केली: तेव्हा प्लेसी उलटवला, आज रो. तिघा विरोधी न्यायाधीशांचं म्हणणं होतं की १८६८ चे कायदे करणाऱ्यांत आणि दुरुस्ती मंजूर करणाऱ्यांत एकही बाई नव्हती. देशभर मताचा हक्क बायकांना १९२० मध्ये मिळाला. मला खटकतं ते वेगळं. १८६८ चं माप जर १९५४ मध्ये लावलं असतं तर ब्राउनचं काय झालं असतं? वॉरन यांनी ते माप बाजूला ठेवलं म्हणून तर ब्राउन झाला. त्याच ब्राउनची साक्ष काढून तेच माप पुन्हा टेबलावर आलं.

वर्षभरानं, २९ जून २०२३ ला, हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या प्रवेशात वंश विचारात घेणं न्यायालयानं घटनाबाह्य ठरवलं. हार्लन यांचं रंग न दिसणारं वाक्य तिथं पुन्हा बाहेर आलं, दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीनं. चौदावी दुरुस्ती लिहिणाऱ्या त्याच काँग्रेसनं मुक्त गुलामांसाठी खास खातं चालवलं होतं, शाळा काढल्या होत्या, हे विरोधी निकालपत्रानं दाखवलं. बहुमतातल्या न्यायमूर्ती थॉमस यांचं उत्तर: ती मदत गुलामीतून सुटलेल्यांना होती, वंशाला नव्हती. बाईच्या बाबतीत १८६८ ची माणसं जशी होती तशी धरायची, आणि काळ्या मुलांच्या बाबतीत ती कशी वागली याला अपवाद शोधायचा. एकाच न्यायालयात, वर्षभराच्या अंतरानं.

यातलं काहीही लोक मुकाट्यानं घेत नाहीत. बिंगहॅम यांच्या ओहायोत नोव्हेंबर २०२३ मध्ये सुमारे ५७ टक्के मतदारांनी गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत घातला, थेट नाव घेऊन, कुणाला सावलीत शोधायला लागू नये असा. लुइझियानात उलट. गव्हर्नर जॉन बेल एडवर्ड्स यांनी ५ जानेवारी २०२२ रोजी होमर प्लेसी यांना मरणोत्तर माफी दिली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये बलात्कारित बाईलाही सूट न देणाऱ्या गर्भपातबंदीवर सही केली. डेमोक्रॅट पक्षाचे असून! त्यांना यात विसंगती वाटली नाही. त्यांच्या लेखी दोन्ही सह्या दुबळ्याच्या बाजूच्याच होत्या. विरोधकाला निव्वळ ढोंगी समजणाऱ्यांनी हा माणूस जरा थांबून पाहावा.

आणि १८७३ चा कॉमस्टॉक? तो कधी रद्द झालाच नाही. संततिनियमनाचा भाग १९७१ मध्ये काढला, गर्भपाताचा तसाच राहिला. मार्च २०२४ मध्ये गर्भपाताच्या गोळ्यांच्या खटल्यात न्यायमूर्ती अलिटो आणि थॉमस या कायद्याबद्दल विचारत होते. आता भांडण टपालाच्या पाकिटावर आलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये लुइझियानानं न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरवर गोळ्या पाठवल्याबद्दल फौजदारी आरोप ठेवले आणि पुढे आरोपीला ताब्यात मागितलं. न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकल यांनी नकार दिला.

आरोपी परत करण्याचं हे कलम मूळ घटनेतलं, चौथ्या अनुच्छेदातलं. त्याच्या लगेच खालचं वाक्य पळून गेलेला गुलाम मालकाला परत करण्याचं होतं. तेराव्या दुरुस्तीनं ते मेलं, वरचं राहिलं. १८६० मध्येही असाच नकार झाला होता. केंटकीतून एका गुलाम मुलीला पळायला मदत करणारा मोकळा कृष्णवर्णीय माणूस ओहायोच्या गव्हर्नरांनी परत दिला नाही, आणि ड्रेड स्कॉटवाल्या सरन्यायाधीश टॉनींना म्हणावं लागलं की देणं हे गव्हर्नरांचं कर्तव्य आहे, पण आम्ही ते करायला लावू शकत नाही. हा निकाल १९८७ मध्ये उलटवला गेला. आता न्यायालय गव्हर्नरला भाग पाडू शकतं. म्हणून न्यूयॉर्कच्या बाजूनं वकील कलमातल्या ‘पळालेला’ या शब्दावर उभे आहेत: आपल्याच गावात बसून औषध पाठवणारा माणूस लुइझियानातून पळाला कधी?